पंखा बंद

पहाटे साडेपाच

मे महिन्यात सोलापुरात वेल्डरची टेस्ट ठेवणाऱ्याला इथल्या उन्हाची कल्पना नसते, किंवा फारच चांगली असते. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकणार हे धरूनच दिवस आखावा लागतो. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. दोन पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. आर्गनचा आर्क लहान दिसतो, पण उघड्या कातडीला दिवसभरात चांगलाच भाजून काढतो.

सात

पुणे रस्त्यानं चिंचोळी एमआयडीसी. या वेळी पाळी सुटलेले आणि पाळीला निघालेले असे दोन्ही लोंढे समोरासमोर येतात. टॉवेल-चादरीसाठी ओळखलं जाणारं शहर मागं राहतं आणि रसायनांचे, यंत्रांचे कारखाने लागतात. आमच्यासारख्यांची पोटं भरतात ती या कारखान्यांच्या आतल्या पाइपांवर.

साडेसात

शेडच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून वेगळी खोली केली आहे. लोखंडाचं काम करणाऱ्यानं आत पाऊल ठेवायचं नाही, निदान त्याच्या ग्राइंडरनं तरी नाही. टेबलावर रबर अंथरलेलं. स्टेनलेसच्या तारांचे ब्रश नवे, दांड्यांना पिवळी दोरी बांधलेली; तो ब्रश एकदा साध्या पोलादावर फिरला की या खोलीतून बाद. ही सगळी सोवळ्याची तऱ्हा हॅस्टेलॉय नावाच्या मिश्रधातूसाठी.

आजचा पाइप त्यातल्या सी-२७६ चा. निम्म्याहून जास्त निकेल, साधारण सोळा-सोळा टक्के क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, थोडं टंगस्टन. क्लोराइड आणि गरम आम्ल जिथं स्टेनलेसला महिन्यात चाळणी करतं तिथं हा टिकतो. किमतीचं सांगायचं तर स्टोअरकीपर हाताएवढा तुकडासुद्धा सही घेतल्याशिवाय देत नाही.

आता खरं काम. बेव्हलच्या, म्हणजे तासलेल्या तिरक्या काठाच्या, दोन्ही बाजूंनी, आतून आणि बाहेरून, दोन-दोन इंच पट्टा घासून चकचकीत करायचा. निकेल १४५५ अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा १९५० च्या आसपास. म्हणजे खालचा धातू पातळ झाला तरी वरची साय तशीच राहते आणि वेल्डच्या पोटात शिरते. घासून झालं की ॲसिटोन आणि पांढरं, धाग्याचे कण न सोडणारं फडकं. मार्कर पेनच्या शाईत, कटिंग ऑइलमध्ये, ग्रीसमध्ये गंधक असतं. गंधक आणि शिसं हे निकेलचे दोन हाडवैरी आहेत. गरम जोडात ती शिरली की भेगा पडतात. म्हणून पाइपावर खूण करायची तर ती कोरून.

माढ्याकडचा एक पोरगा आज माझ्याबरोबर टेस्ट देणार आहे. साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या वेल्ड करून आलेला, हात चांगला. न्याहारी करून तसाच आला होता. त्याच्या बोटांना शेंगाच्या चटणीचं तेल. त्याला साबणानं दोनदा हात धुवायला लावले आणि नवे हातमोजे दिले. तो हसला. हसू दे.

नऊ

टंगस्टन घासायचं. २.४ मिलिमीटरचं, निळ्या टोकाचं लँथनम असलेलं. लाल टोकाच्या थोरियमवाल्याची धूळ किंचित किरणोत्सारी असते, म्हणून ते या शेडमध्ये आता आणत नाहीत. घासण्याच्या रेघा टोकाच्या दिशेनं, उभ्या हव्यात. आडव्या घासल्या तर आर्क भरकटतो. टॉर्चला गॅस लेन्स आणि मोठं सिरॅमिक.

साडेनऊ

थर्ड पार्टीचे इन्स्पेक्टर आले. आधी कागद. कुठली वायर, किती करंट, आर्गन किती लिटर, दोन थरांमध्ये तापमान किती, सगळं डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे वेल्डिंगची पद्धत ठरवणाऱ्या कागदात, लिहिलेलं. आमची टेस्ट एएसएमई कोडच्या सेक्शन नाइनप्रमाणे. दोन इंची शेड्यूल ८० चा पाइप, म्हणजे बाहेरचा व्यास ६०.३ आणि भिंत साडेपाच मिलिमीटर. पोझिशन सिक्स-जी: पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बांधलेला, फिरवायचा नाही. वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. खाली वाकायचं, बाजूनं जायचं, वर यायचं. ही एक जमली की पाइपाच्या बाकी सगळ्या पोझिशन जमल्या असं कोड मानतो. व्यास २५ मिलिमीटरपासून वर कितीही, जाडी वेल्ड केली त्याच्या दुप्पट.

कोडमध्ये एक सवलत आहे, ती फार थोड्या वेल्डरांना ठाऊक असते. टेस्टपुरता पाइप साध्या पोलादाचा घेतला तरी चालतो. वायर मात्र निकेलच्या गटातली हवी. मालकांना ही सवलत प्रिय, कारण पाइपाचे पैसे वाचतात. आजच्या ग्राहकानं ती नाकारली. मला त्याचं पटतं. पोलादाच्या काठांवर निकेलची वायर वेगळी वागते, लोखंड तिच्यात मिसळतं. तिथं पास झालेल्याला खऱ्या हॅस्टेलॉयची काहीच ओळख होत नाही.

साडेदहा

फिट-अप, म्हणजे पाइपाचे दोन तुकडे जुळवणं. साध्या पाइपाला बेव्हलचा एकूण कोन साठ अंश पुरतो. इथं सत्तरच्या वर ठेवतो, कारण हा धातू आपणहून कोपऱ्यात जात नाही. गॅप तीन मिलिमीटर. चार टॅक, त्यांची टोकं कानशीनं उतरती केलेली.

मग पर्जिंग, म्हणजे आतली हवा काढून आर्गन भरणं. पाइपाच्या आत हवा राहिली तर रूटची, म्हणजे पहिल्या थराची, आतली बाजू काळी, खरखरीत, भाजल्यासारखी होते आणि सगळी मेहनत पाण्यात. दोन्ही तोंडं ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद करायची. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून नळी तिरक्या पाइपाच्या खालच्या तोंडात आणि हवा निघायला बारीक भोक वरच्या तोंडाला. रूटच्या गॅपवरही टेप; वेल्ड पुढं सरकेल तशी बोटबोटभर सोलत जायची. ऑक्सिजन मीटर वरच्या भोकाशी धरला. आकडा उतरत गेला. इन्स्पेक्टरांनी मान हलवली.

आणि मग दिवसातली सर्वांत नकोशी सूचना. फोरमननं भिंतीवरचा पंखा बंद केला, दार लोटलं. टॉर्चमधून मिनिटाला दहा-बारा लिटरनं येणारा आर्गन म्हणजे वेल्डवर धरलेली नुसती हवेची छत्री. पंख्याचा झोत लागला की ती उडते. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, अंगावर चामड्याचं जॅकेट. रेफायनरीच्या कामाला गेलो की तिकडचे लोक विचारतात, सोलापूरचे वेल्डर इतके शांत कसे. आमच्याकडे दुसरा इलाज नसतो.

सव्वाअकरा

रूट. खालून, सहा वाजल्याच्या जागेवरून सुरुवात. हाय फ्रिक्वेन्सीचा आर्क, करंट नव्वदच्या अलीकडे-पलीकडे.

पोलादाचा वितळलेला रस पाण्यासारखा पसरतो, काठ धरतो. हा काकवीसारखा. ढकलावा तितकाच सरकतो, आणि वर पातळ सायही धरतो. पोलादाची सवय असलेला वेल्डर इथं पहिली गोष्ट करतो ती करंट वाढवण्याची. वाढवला की रस पातळ होत नाही, नुसता तापतो आणि थंड होताना तडकायला बघतो. उपाय एकच: वायर जिथं हवी तिथं नेऊन ठेवायची. डावा काठ, उजवा काठ, मध्ये. प्रत्येक थेंब जागेवर.

"दादा, ह्यो वाहतच नाही की," पलीकडच्या स्टँडवरून पोरगा म्हणाला.

"वाहणार नाही. तू नेऊन ठेव."

वायरचं गरम टोक आर्गनच्या छत्रीबाहेर काढायचं नाही. चुकून निघालंच तर ते टोक कापून टाकायचं, कारण त्याला ऑक्साइड धरलेला असतो. थांबायचं तर एकदम टॉर्च उचलायची नाही. पायाच्या पेडलनं करंट हळूहळू उतरवायचा, नाहीतर शेवटच्या खड्ड्यात चांदणीसारखी भेग पडते. आर्क विझला तरी टॉर्च तिथंच धरून गॅस चालू ठेवायचा. रंग चांदीपासून फिक्या सोनेरीपर्यंत ठीक. निळा-काळा दिसला तर घासणं आलं.

रूटचा सर्वांत नाजूक भाग शेवटचा. सगळा गॅप बुजत आला, टेप निघाली, आता आतल्या आर्गनला बाहेर पडायला फक्त वरचं बारीक भोक. दाब वाढतो आणि शेवटचा वितळलेला थेंब तो तुमच्या अंगावर उलटा फुंकतो. हे कुठल्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं मी पाहिलेलं नाही, आणि आयटीआयच्या वर्षभराच्या वेल्डर ट्रेडमध्ये निकेल हाताला लागतंच कुठं? शेवटचं बोटभर राहिलं की हेल्परला सांगायचं, पर्जचा नॉब निम्म्यावर आण. हेल्पर जागा हवा. माझा होता.

बारा ते दोन

या दोन तासांत आर्क पेटलेला असतो तो फार थोडा वेळ. बाकी सगळं थांबणं.

डब्ल्यूपीएसवर दोन थरांमधलं तापमान जास्तीत जास्त ९३ अंश लिहिलंय. हा चमत्कारिक आकडा फॅरनहाइटच्या २०० चा अवतार. एक थर टाकला, ब्रश मारला, थर्मामीटरचं टोक लावलं, बसून राहायचं. तापमानाचा खडू वापरायचा नाही, तो पाइपावर घाण सोडतो. पाणी मारायचं नाही. पंखा लावावा तर शेजारच्या स्टँडवर पोरग्याचा आर्क चालू. थंडीतल्या पुण्यात जो पाइप दहा मिनिटांत निवतो, तो इथं अर्धा तास हातात धरवत नाही.

साखर कारखान्यातून आलेल्यांना हे बसणं जमत नाही. ऑफ सीझनच्या डागडुजीत हात थांबला तर फोरमन ओरडतो; तिथं वेग म्हणजे कौशल्य. पोरगा तीनदा उठला, तीनदा थर्मामीटर लावला. तिसऱ्यांदा इन्स्पेक्टरच म्हणाले, "बसा की हो." मला वाटतं निकेलच्या टेस्टमध्ये निम्मे लोक नापास होतात ते याच खुर्चीवर, आर्क पेटायच्या आधीच त्यांची घाई ठरलेली असते.

थर बारीक, सरळ. टॉर्च डावी-उजवी झुलवायची नाही, त्यानं उष्णता साचते. कॅपिंगचे, म्हणजे सगळ्यात वरच्या थराचे, शेजारी-शेजारी दोन बीड, आणि झालं.

दोन

जेवण. पंखा चालू. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पण आम्ही दोघंही त्याच्यासमोरून हललो नाही.

तीन

आधी डोळ्यांनी तपासणी. बाहेरून अंडरकट नाही. टेप काढून आत बॅटरी मारली. रूट चांदीच्या रंगाचा, सारखा.

मग एक्स-रे की बेंड हा प्रश्न. कोड दोन्हीपैकी एक चालवून घेतो. पुष्कळ कंपन्या एक्स-रे निवडतात, जोड शाबूत राहतो म्हणून. आमच्या इन्स्पेक्टरांनी बेंड निवडला. मला विचाराल तर निकेलला बेंडच बरा. या धातूचा नेहमीचा दोष म्हणजे काठ न धरणं, आणि तशी सपाट फट किरणांच्या रेषेत नसेल तर फिल्मवर उमटतच नाही. वाकवल्यावर ती लपत नाही.

पाइपातून चार पट्ट्या कापायच्या. हा धातू कापताना कडक होत जातो, करवत किंचाळते. दोन पट्ट्या रूट बाहेरच्या अंगाला ठेवून वाकवायच्या, दोन कॅप बाहेरच्या अंगाला ठेवून. हायड्रॉलिक प्रेसवर, पार इंग्रजी यू होईपर्यंत. ताणलेल्या अंगावर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी उघडी फट दिसली की नापास.

माझ्या चारही गुळगुळीत. पोरग्याच्या तीन गुळगुळीत, चौथ्या पट्टीच्या अगदी कोपऱ्याला बारीक चीर. तो पांढरा पडला. इन्स्पेक्टरांनी भिंगातून बघितलं, वळवून बघितलं. कोपऱ्यातली चीर आतल्या दोषातून आलेली नसेल तर कोड ती मोजत नाही. कापताना राहिलेल्या धारेतूनही ती पडते. धार खरंच राहिली होती. सही झाली.

साडेपाच

आता या कागदाबद्दल. साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम करायला आयबीआरचं, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांखालचं, प्रमाणपत्र लागतं. त्याची परीक्षा बाष्पके संचालनालयाची, म्हणजे सरकारची. मुदत आहे तोवर ते दुसऱ्या कारखान्यातही दाखवता येतं. सेक्शन नाइनचा कागद तसा नाही. ज्या कंपनीनं टेस्ट घेतली तिचा तो. उद्या मी दहेजला गेलो, जामनगरला गेलो, तर पुन्हा फाटक, पुन्हा तिरका पाइप, पुन्हा चार पट्ट्या. पंचवीस वर्षं आर्गन धरलेला माणूस आणि काल शिकलेला, दोघं एकाच रांगेत. कंपनीनं आपल्या वेल्डरची जबाबदारी आपण घ्यावी हा कोडचा हेतू रास्त आहे. पण टेस्टच्या दिवसाची हजेरी बहुतेक ठिकाणी मिळत नाही, तो दिवस वेल्डरच्या खिशातून जातो, हे कोणी लिहीत नाही.

दुसरी अट सहा महिन्यांची. त्या पद्धतीनं सहा महिने वेल्डिंग केलं नाही की पात्रता संपली. धातू कुठलाही चालतो, साध्या पाइपावर टिग, म्हणजे हेच आर्गनचं वेल्डिंग, मारलं तरी गणती होते, पण त्या कंपनीच्या देखरेखीखाली. पोरग्यानं लगेच विचारलं, कारखान्यात सीझनला बॉयलरच्या नळीवर टिगचा रूट मारतो, तो धरतील का? नाही धरणार. हात तोच, पद्धत तीच, देखरेख दुसऱ्याची.

सहा

फाटकाबाहेर चहा. पोरगा बोटांवर महिने मोजत होता. गाळपाची मोळी पडते ऑक्टोबरअखेर नाहीतर नोव्हेंबरात, पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, मार्चच्या आगेमागे. मी त्याला सांगितलं, मोळी पडायच्या आदल्या आठवड्यात इथं येऊन एक जॉइंट मार, क्यूसीच्या वहीत तारीख लिहून सही घे, आणि पट्टा पडल्याबरोबर दुसरा. सहा महिन्यांत बसतं.

"आणि ऊस जास्त झाला, सीझन मेपर्यंत लांबला तर?"

"तर मेमध्ये सिक्स-जी. पंखा बंद करून."