भट्टीवाचून केक : वाटीतला, कॉफीच्या चवीचा



भाजण्याची विद्या आपल्याला नवी नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात, हे अणदूर-नळदुर्गाकडच्या माणसाला निराळे सांगायला नको. हा रोडगा पुष्कळ ठिकाणी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. तिकडे कोकणात तवशाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या किसात रवा आणि गूळ घालून धोंडस करतात. पातेल्याच्या खाली विस्तव, वर झाकणावर निखारे, आणि मध्ये धोंडस. दोन्हीकडे युक्ती एकच. पदार्थाला कोरडी आच चहूबाजूंनी द्यायची आणि आत नेमके शिजेपर्यंत बाहेर करपू द्यायचे नाही.

केक करायचा तो याच युक्तीने. तरी केक म्हटले की आपण तो शहरातला पदार्थ समजतो. आता खेड्यापाड्यांतही मुलांच्या वाढदिवसाला केक लागतो. तो तालुक्याहून किंवा सोलापुराहून आणायचा, उन्हातान्हात गाडीवर सांभाळत न्यायचा, आणि घरी पोहोचेपर्यंत वरची मलई पातळ झालेली. पैसे जातात ते वेगळेच. घरी का करत नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले : “आमच्याकडे भट्टी कुठे आहे?” भट्टी नसली तरी अडत नाही. केक लहान केला, वाटीएवढा केला, की भट्टीची उणीव बरीचशी भरून निघते. ती कशी, हे आज पाहू.

आधी केक फुगतो कसा ते समजून घेऊ. आपण पिठात खाण्याचा सोडा घालतो आणि दही घालतो. दह्यातले आम्ल सोड्याला भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. लिंबाच्या रसात सोडा टाकल्यावर फस्स करून वर येतो तो हाच. या वायूचे बारीक बारीक बुडबुडे ओल्या पिठात अडकतात, उष्णतेने मोठे होतात आणि पीठ वर उचलतात. तिकडे त्याच वेळी पिठातला स्टार्च पाणी पिऊन घट्ट होत असतो. बुडबुडे पुरते फुगले आणि त्याच सुमारास पीठ घट्ट झाले, तर केक हलका होतो. पीठ घट्ट होण्याआधी बुडबुडे फुटून गेले, तर केक बसतो. केकची सारी करामत ही वेळ साधण्यात आहे.

आता वाटीचा उपयोग पाहा. उष्णता पदार्थात कडेकडून आत शिरते. तिचा हिशेब साध्या त्रैराशिकाचा नव्हे. जाडी दुप्पट झाली तर मध्यापर्यंत ऊब पोहोचायला वेळ दुप्पट नाही, सुमारे चौपट लागतो. वाटीतला केक वीस मिनिटांत मध्यापर्यंत शिजला असे धरा. दुप्पट जाडीच्या पातेल्यातल्या केकला मग तासाच्या वर लागेल. चुलीवरच्या किंवा गॅसवरच्या कढईत तेवढ्या वेळात बूड जळून जाईल आणि मधला भाग चिकटच राहील. खरी भट्टी वरून, खालून, बाजूंनी सारखी आच देते म्हणून तिथे मोठा केक चालतो. आपली आच मुख्यतः खालून येते. तेव्हा आपण पदार्थच लहान करावा, हे शहाणपणाचे.

ही कल्पना जुनीच आहे. अमेलिया सिमन्स नावाच्या बाईंच्या १७९६ सालच्या अमेरिकन पाकपुस्तकात लहान कपांत भाजायचा हलका केक दिला आहे. पुढे १८२८ साली एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात ‘कप केक’ हे नावच आले. त्या काळी या नावाचे दोन अर्थ होत. एक, कपात भाजलेला केक. आणि दुसरा, कपाने मोजून केलेला केक. तराजू घरोघरी नसे, कप मात्र असे. आपणही वाटीनेच मोजतो आणि वाटीतच भाजणार आहोत.

आणि चव कॉफीचीच का? त्याला कारण आहे. कढईत वरची आच कमी पडते, आत थोडी वाफही कोंडते. त्यामुळे केकचा वरचा भाग पांढुरका राहतो. भाकरीला तव्यावर जो खरपूस तांबूस रंग येतो, त्याला कोरडी कडक आच लागते. कॉफीच्या बिया आधीच तशा भाजलेल्या असतात. म्हणून दोन चमचे कॉफीने केकला रंगही येतो आणि भाजल्याचा वासही येतो. शिवाय तिचा किंचित कडवटपणा साखरेचा मिट्टपणा मोडतो.

ही कॉफी काही फार लांबची नव्हे. सतराव्या शतकात बाबा बुडण या सुफी संतांनी येमेनमधून सात बिया आणून कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरा सांगतात. त्या डोंगराला त्यांचेच नाव आहे. आपल्या महाराष्ट्रातही विदर्भात चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे. केकसाठी मात्र गरम पाण्यात पुरती विरघळणारी कॉफीची पूड घ्यावी. दक्षिणेकडे गाळून करतात ती पूड असेल, तर तिचा दाट काढा करून गाळून घालावा. नाहीतर दातांखाली कणी येते.

आता साहित्य सांगते. सहा लहान वाट्यांसाठी हे प्रमाण आहे. मापाला साधारण २०० मिलिलिटर पाणी मावेल असा एकच कप घ्या आणि सगळे त्यानेच मोजा. मैदा १ कप, पिठीसाखर पाऊण कप, ताजे दही अर्धा कप, तेल किंवा पातळ केलेले तूप पाव कप, दूध सुमारे पाव कप. खाण्याचा सोडा पाव चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. कॉफीची पूड २ सपाट चमचे, ती चमचा-दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून ठेवावी. चमचा म्हणजे चहाचा, काठोकाठ सपाट. शीग लावलेला नव्हे.

केक भाजायच्या वाट्या स्टीलच्या, १०० मिलिलिटरच्या आसपास पाणी मावेल अशा घ्या. आतून तुपाचा हात फिरवून वर मैदा भुरभुरा.

प्रथम कढई तयार करा. जाड बुडाची खोल कढई किंवा पातेले घ्या. तळाशी बोटभर जाडीचा, धुऊन वाळवलेल्या वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर द्या. त्यावर जाळी किंवा लहान तिवई ठेवा. नीट बसेल असे झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. वाळू हळू तापते आणि हळू निवते. त्यामुळे चुलीतला जाळ कमीजास्त झाला तरी आच एकसारखी राहते. पाणी अजिबात घालायचे नाही. पाणी घातले की तो केक न राहता ढोकळ्याचा भाऊ होतो.

कढई तापेपर्यंत पीठ कालवा. मैदा, सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळा. चाळण्याने सोडा सगळीकडे सारखा पसरतो. दुसऱ्या भांड्यात दही, साखर आणि तेल चांगले घोटा, त्यात कॉफी घाला. मग कोरडे पीठ थोडेथोडे घालून हलक्या हाताने मिसळा. दूध लागेल तसे घाला. भज्यांच्या पिठापेक्षा जरा सैल, चमच्यावरून जाड धारेने पडेल असे मिश्रण हवे. पीठ दिसेनासे झाले की हात थांबवा. कणीक मळतो तसे घोटत बसलात तर गव्हाचा चिकटपणा वाढतो आणि केक वातड होतो. मिश्रण ओले झाल्याबरोबर वायू सुटू लागतो. म्हणून ते लगेच वाट्यांत घाला. वाटी निम्म्याहून थोडी अधिक भरा, वर फुगायला जागा ठेवा.

वाट्या जाळीवर एकमेकींना न चिकटतील अशा ठेवा, झाकण घाला, आच मंद करा. पहिली पंधरा मिनिटे झाकण उघडू नका. गार हवा आत शिरली की अर्धे फुगलेले पीठ खाली बसते. वीस मिनिटांनी स्वच्छ काडी मधोमध खुपसून पाहा. कोरडी आली तर झाले, ओली आली तर आणखी चार-पाच मिनिटे. वाट्या सांडशीने उचला आणि दहा मिनिटे निवू द्या. मग कडेने सुरी फिरवून केक सोडवा.

बिघडले तर कारण शोधता यावे. मध्ये खळगा पडला, तर झाकण लवकर उघडले किंवा सोडा जास्त झाला. बूड काळे झाले, तर आच मोठी किंवा वाळूचा थर पातळ. वर फुगून फुटला आणि आत कच्चा राहिला, तरीही आच मोठीच. साबणासारखी चव आली, तर सोडा निश्चित जास्त. आम्ल न मिळालेला खाण्याचा सोडा तापला की त्याचे सोडियम कार्बोनेट होते, आणि तोच आपला धुण्याचा सोडा. “थोडा जास्त घातला तर जास्त फुगेल,” हा हिशेब इथे चालत नाही.

म्हणूनच एक इशारा. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दिसायला सारखे. दोन्ही एका फडताळात, विनाचिठ्ठीच्या डब्यांत ठेवू नका. धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड, घसा पोळतो. भाजायला प्लास्टिकचा किंवा चहाचा कागदी कप घेऊ नका. कागदी कपाला आतून बहुधा प्लास्टिकचा लेप असतो. चिनी मातीचा कप एकदम तापला की तडकतो. कढईऐवजी कुकर वापरायचा झाल्यास शिटी आणि रबर दोन्ही आधी काढा; बंद कुकर कोरडा तापवणे धोक्याचे. आणि तापलेल्या वाळूची कढई मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. ती फार वेळ गरम राहते.

कॉफीचे म्हणाल, तर दोन चमच्यांचे सहा वाटे होतात. एका केकात चमच्याचा तिसरा हिस्सा. मोठ्यांना ते काहीच नाही. अगदी लहान मुलांसाठी मात्र कॉफी वगळून वेलदोडा घाला. रात्री झोपेची वेळ टळणार नाही.

आपल्याकडे ज्वारी घरची असते, तेव्हा ती चालेल का, असे काहीजणी विचारतील. चालेल, पण मैद्याचा चौथा हिस्सा काढून तेवढीच. ज्वारीत गव्हासारखा चिकट अंश नसतो. म्हणून तर भाकरी उकळत्या पाण्यात मळावी लागते. सगळी ज्वारी घातली तर बुडबुडे धरून ठेवायला काही उरत नाही आणि केक भुगा होतो. अंडे चालत असेल त्यांनी दही निम्मे करून एक अंडे घालावे, आणि मग सोडा केवळ चिमूटभर.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. आम्ल आणि अल्क यांचा पाठ फळ्यावर पुष्कळदा होतो. एकदा हेच मिश्रण तीन वाट्यांत करून दाखवा : एकीत सोडा नाही, दुसरीत मापाने, तिसरीत दुप्पट. विस्तवाचे काम मोठ्यांनी करावे. मुलांनी पट्टीने तिन्ही केकची उंची मोजावी, कापून आतली जाळी पाहावी, चव घ्यावी आणि वहीत लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे तेच ठेवायचे, ही प्रयोगाची पहिली शिस्त मुलांना यातून सहज कळते. ती पुढे शेतात खताचा वाफा पाहतानाही उपयोगी पडेल.

बचत गटाच्या भगिनींना हे केक विकावेसे वाटतील. मलई नसल्याने ते दिवस-दोन दिवस कोरड्या डब्यात राहतात, आणि न्यायलाही सोपे. मात्र विकण्याआधी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी. आधी घरी चार-सहा वेळा करून माप, आच आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक चुलीची आणि प्रत्येक कढईची तऱ्हा निराळी. तुमच्या कढईचे नेमके मिनिट तुम्हालाच शोधावे लागेल. ते एकदा सापडले, की पुढच्या वाढदिवसाचा केक आणायला कोणाला सोलापूरची गाडी पकडावी लागणार नाही.