दुकानाची वही आणि दहावीची सांख्यिकी

दहावीच्या परीक्षेत मुलांना सर्वात जास्त धास्ती गणिताची असते. गणितात अडकलेला मुलगा पुढच्या वर्षी शाळेच्या बाकावर न दिसता बापाच्या दुकानावर, गॅरेजमध्ये किंवा हातगाडीवर दिसतो, आणि मुलीची तर शाळाच सुटते. तंत्रनिकेतनाच्या पदविकेला आणि आयटीआयच्या बहुतेक धंद्यांना दहावी उत्तीर्ण असण्याची अट आहे. म्हणजे एका विषयाच्या काही गुणांवर मुलाची पुढची सारी वाट अवलंबून राहते. म्हणून व्यापाराच्या या पानावर आज आम्ही शाळेच्या गणिताचा विषय घेत आहोत.

बुलढाणा जिल्हा दहावीच्या परीक्षेसाठी अमरावती विभागीय मंडळाकडे येतो. गणिताचे लेखी पेपर दोन, प्रत्येकी ४० गुणांचे, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण, असा एकूण १०० गुणांचा हिशेब असतो. २०१८ साली आलेल्या 'गणित भाग १' या पुस्तकात शेवटचे, म्हणजे सहावे प्रकरण सांख्यिकीचे आहे. शेवटी असल्यामुळे ते घाईत शिकवले जाते आणि घाईतच वाचले जाते. वास्तविक आमच्या व्यापारी व कारागीर घरांतील मुलांना हेच प्रकरण सर्वात सोपे जायला हवे. कारण त्यातील प्रत्येक गोष्ट आपल्या दुकानाच्या वहीत रोज लिहिली जाते. फक्त तिची नावे पुस्तकात वेगळी आहेत.

मध्य, मध्यक आणि बहुलक

सांख्यिकीचा पाया या तीन शब्दांवर उभा आहे. ते एकदा पक्के झाले की निम्मे काम झाले असे समजावे.

उदाहरणादाखल एखाद्या फळविक्रेत्याची सात दिवसांची मिळकत घ्या : ४५०, ६००, ४००, ५००, २६५०, ४५०, ५५० रुपये. यातील २६५० चा दिवस आठवडी बाजाराचा आहे.

सर्व आकड्यांची बेरीज ५६०० येते. तिला ७ ने भागले की ८०० येतात. हा झाला मध्य, म्हणजे आपण ज्याला सरासरी म्हणतो आणि उर्दूत ज्याला औसत म्हणतात तो.

आता तेच आकडे चढत्या क्रमाने मांडा : ४००, ४५०, ४५०, ५००, ५५०, ६००, २६५०. बरोबर मधला, म्हणजे चौथा आकडा ५०० आहे. हा मध्यक. आणि जो आकडा सर्वात जास्त वेळा आला तो ४५०, हा बहुलक.

एकाच धंद्याचे तीन आकडे आले : ८००, ५०० आणि ४५०. तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्ही वेगळी गोष्ट सांगतात. सातपैकी सहा दिवस या माणसाच्या हाती ८०० पेक्षा कमीच पैसे पडले आहेत. 'मला रोजचे आठशे सुटतात' असे धरून त्याने रोज फेडायची उधारी अंगावर घेतली, तर बाजाराचा दिवस सोडून इतर दिवशी त्याची ओढाताण होणार. मात्र आठवड्याची एकूण कमाई किती, महिन्याचे भाडे निघेल का, हे पाहायचे असेल तर मध्यच उपयोगी. कारण ८०० गुणिले ७ केले की पूर्ण ५६०० परत मिळतात. मध्यकाने तसे होत नाही.

बाजाराचा दिवस वगळून पाहा. सहा आकड्यांचा मध्य ८०० वरून सुमारे ४९२ वर उतरतो. मध्यक काढताना मधले आकडे दोन येतात, ४५० आणि ५००. अशा वेळी त्यांची सरासरी घ्यावी, ती ४७५ येते. म्हणजे एक मोठा आकडा काढल्याबरोबर मध्य ३०८ रुपयांनी घसरला, मध्यक फक्त २५ रुपयांनी हलला. एखादा फार मोठा किंवा फार लहान आकडा मध्याला ओढून नेतो, मध्यकाला नाही, हे मुलाने या उदाहरणावरून कायमचे लक्षात ठेवावे.

बहुलक बाजार समितीत रोज भेटतो

खामगाव, मलकापूर, चिखली या बाजार समित्यांचे भाव आपण पाहतो. त्यात प्रत्येक मालापुढे तीन दर असतात : कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. हा तिसरा दर म्हणजे कमी आणि जास्त दरांची बेरीज करून केलेले दोन भाग, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. ज्या दराने जास्तीत जास्त माल विकला गेला तो सर्वसाधारण दर. म्हणजेच पुस्तकातला बहुलक. ओल्या मालाचा एखादा ढीग पडेल भावात गेला, तर कमीत कमी दर लगेच खाली येतो, पण सर्वसाधारण दर जागच्या जागी राहतो. खरेदीचा अंदाज बांधणारा जाणता व्यापारी म्हणूनच या तिसऱ्या दराकडे आधी पाहतो.

बांगड्यांचा धंदा करणाऱ्या मणियार बांधवांना बहुलक अधिकच जवळचा आहे. समजा एका हंगामात शंभर डझन बांगड्या गेल्या : दोन-दोन मापाच्या ९ डझन, दोन-चारच्या ३१, दोन-सहाच्या ३८, दोन-आठच्या १६ आणि दोन-दहाच्या ६. बहुलक दोन-सहा. पुढचा माल भरताना याच मापावर भर द्यावा, हे सांगायला पुस्तक लागत नाही.

पण येथे एक मौजेची आणि परीक्षेच्या दृष्टीने उपयोगाची गोष्ट आहे. ही मापे आपण २.४, २.६, २.१० अशी लिहितो. ती दशांश अपूर्णांक नव्हेत. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि एका इंचाचे सोळापैकी चार भाग, म्हणजे सव्वादोन इंच. दशांश समजून चालले तर २.१० हे २.८ पेक्षा लहान ठरेल. प्रत्यक्षात दोन-दहाची बांगडी मोठी असते. ही मापे जशीच्या तशी बेरजेत घालून मध्य काढला तर उत्तर निरर्थक येईल. आकडा कशाचा आहे हे समजल्याशिवाय त्याची सरासरी काढू नये, हा सांख्यिकीचा पहिला नियम मणियाराच्या दुकानात जितका स्पष्ट दिसतो तितका वर्गात दिसत नाही.

वर्ग पाडलेली सारणी

दहावीला प्रत्यक्ष विचारले जाते ते वर्गीकृत वारंवारता सारणीवर. समजा किराणा दुकानात एका दिवसात ५० बिले झाली. ० ते १०० रुपयांची ६, १०० ते २०० ची १४, २०० ते ३०० ची १६, ३०० ते ४०० ची ९ आणि ४०० ते ५०० ची ५. बरोबर २०० रुपयांचे बिल कोठे मोजायचे? पुढच्या, म्हणजे २०० ते ३०० च्या वर्गात. ही चूक मुले नेहमी करतात.

मध्य : प्रत्येक वर्गाचा वर्गमध्य घ्यावा : ५०, १५०, २५०, ३५०, ४५०. त्याला वारंवारतेने गुणावे : ३००, २१००, ४०००, ३१५०, २२५०. बेरीज ११,८००. भागिले ५०, उत्तर २३६ रुपये. ही सरळ पद्धत.

गृहीतमध्य पद्धतीत २५० हा मध्य धरून चालावे. मग वर्गमध्यांचे फरक उणे २००, उणे १००, शून्य, १०० आणि २०० येतात. त्यांना वारंवारतेने गुणून बेरीज केली की उणे ७००; भागिले ५० म्हणजे उणे १४. २५० मधून १४ गेले, उत्तर पुन्हा २३६. मध्यप्रमाण विचलन पद्धतीत हेच फरक १०० ने भागून लहान करतात आणि शेवटी १०० ने गुणतात. वाट वेगळी असली तरी मुक्काम एकच. मुलाने घरी सराव करताना एकच उदाहरण तिन्ही पद्धतींनी सोडवावे. उत्तर जुळले नाही तर चूक कोठे झाली ते त्याचे त्यालाच सापडेल.

मध्यक : ५० चे निम्मे २५. आता वारंवारता चढत चढत मिळवत जावी : ६, २०, ३६... पंचविसावे बिल २०० ते ३०० या वर्गात पडते. त्याच्या आधी २० बिले होऊन गेली, म्हणून आणखी ५ हवीत. आणि या वर्गात १६ बिले आहेत. ५ भागिले १६, गुणिले वर्गाची लांबी १००, म्हणजे ३१.२५. त्यात वर्गाची खालची मर्यादा २०० मिळवली की २३१.२५ रुपये. सूत्र पाठ करण्याआधी हा विचार समजून घ्यावा, मग सूत्र विसरत नाही. येथे मुले मध्यकवर्गाचीच संचित वारंवारता ३६ लिहून बसतात. लिहायची असते ती त्याच्या आधीच्या वर्गाची, २०.

बहुलक : सर्वात जास्त वारंवारता १६, आधीच्या वर्गाची १४, नंतरची ९. सोळाच्या दुपटीतून, म्हणजे ३२ मधून, १४ आणि ९ वजा केले की ९ उरतात. वर १६ वजा १४, म्हणजे २. दोन भागिले नऊ, गुणिले १००, अधिक २००. उत्तर सुमारे २२२.२२ रुपये.

वर्ग १०–१९, २०–२९ असे तुटक दिले असतील तर मध्यक आणि बहुलक काढण्यापूर्वी ते ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करून घ्यावेत.

वृत्तालेख

वेल्डिंगच्या कारखान्याचा महिन्याचा खर्च ३६,००० रुपये आहे असे धरा : माल १५,०००, मजुरी १२,०००, भाडे ६,०००, वीजबिल ३,०००. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे. म्हणून माल १५० अंश, मजुरी १२०, भाडे ६० आणि वीज ३० अंश. बेरीज ३६० आली पाहिजे. नाही आली तर कोनमापक हातात घेण्यापूर्वी चूक शोधावी. कोन मोजून दाखवलेले असतील तर उलट हिशेबही येतो : ६० अंश म्हणजे वर्तुळाचा सहावा भाग, म्हणून भाडे ३६,००० चा सहावा भाग.

हे शास्त्र आपल्याच मातीतले

सांख्यिकी हे परके शास्त्र आहे असे मुलांना वाटू देऊ नये. महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली; त्यांचा जन्मदिन २९ जून हा २००७ पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या महाराष्ट्रातील पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी शेतीच्या उत्पन्नाचा अंदाज मोजक्या शेतांच्या नमुन्यावरून कसा बांधावा, याची पद्धत बसवली. त्यातील कापसाची एक प्रारंभीची पाहणी १९४० च्या दशकात आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात झाली होती.

त्या पद्धतीचे पीक कापणी प्रयोग आजही होतात. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली. तिच्यात मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा खाली गेले की भरपाई ठरते. ज्याचे एकट्याचे शेत बुडाले पण मंडळाची सरासरी टिकली, त्याला मध्य म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा आला नाही की गावच्या शिंप्याचे, सुताराचे, कापड दुकानदाराचे गिऱ्हाईक कमी होते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. ९,६६१ चौरस किलोमीटरने भागली की दर चौरस किलोमीटरला सुमारे २६८ माणसे येतात. खामगावच्या बाजारपेठेतही २६८ नाहीत आणि सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यावरही नाहीत. सरासरी अशी असते.

पालकांनी काय करावे

परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्याआधी पंधरा दिवस रोज अर्धा तास या प्रकरणाला द्यावा. पहिले तीन दिवस वहीतले साधे आकडे घेऊन मध्य, मध्यक, बहुलक काढावेत. पुढचे सहा दिवस सारण्या कराव्यात, दोन-दोन दिवस प्रत्येक परिमाणाला. नंतरचे तीन दिवस आयतालेख, वारंवारता बहुभुज आणि वृत्तालेख, पट्टी व टोकदार पेन्सिल घेऊन. शेवटचे तीन दिवस पुस्तकातील सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह घड्याळ लावून सोडवावेत.

शिकवायला येत नाही म्हणून पालकांनी मागे सरू नये. आपण वही पुढे ठेवावी आणि 'या महिन्यात कोणत्या मापाचा माल जास्त गेला, बिल साधारण कितीचे झाले, ते काढून दे' असे मुलाला किंवा मुलीला सांगावे. वारंवारतांची बेरीज एकूण बिलांइतकी येते का, उत्तर सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या आकड्याच्या मध्ये आहे का, उत्तरापुढे रुपये की डझन लिहिले आहे का, एवढे तीन प्रश्न तर कोणताही दुकानदार विचारू शकतो.

आणि परीक्षेच्या दिवसांत मुलाला दुकानावर बसवू नये. त्याला वहीतले आकडे द्यावेत, गल्ला आपण सांभाळावा. हंगामातले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येईल. शाळा सुटलेला मुलगा बहुधा परत जात नाही.