जिनिंगमधली रुई, धूळ आणि जुन्या समजुती

वाशीम जिल्हा म्हटला की आता सोयाबीन डोळ्यांसमोर येते. तरी कारंजा, मानोरा, मंगरुळपीर या पट्ट्यात कापूस अजून आहे. दिवाळीच्या आगेमागे जिनिंग-प्रेसिंग सुरू झाले की पुढचे काही महिने गावागावांतले मजूर तिथे राबतात. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही शकुंतला रेल्वे कारंज्यावरूनच जात असे, इतका हा धंदा इथे जुना आहे. त्याच्याबरोबर काही समजुतीही जुन्या झाल्या आहेत. त्यांची किंमत मालकापेक्षा मजूर जास्त मोजतो, म्हणून त्या एकदा तपासायला हव्यात.

‘जिनिंग आहे, रुई उडणारच. रोज झाडून काय होणार?’

रुई उडणार हे खरे, पण ती साचू द्यायची की नाही हे आपल्या हातात असते. कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला की तो यंत्राच्या दात्यांवर आदळतो आणि ठिणगी पडते. ग्रीस नसलेले बेअरिंग तापते. रुईच्या थराखाली झाकलेल्या मोटरला हवा मिळत नाही, म्हणून तीही तापते. या सगळ्या ठिणग्या शून्यावर आणणे कोणालाच जमलेले नाही. ठिणगीला सरपण मिळू न देणे मात्र शक्य आहे. ढिल्या रुईवरून ज्वाळा अशी पळत जाते की माणूस बादली आणेपर्यंत ती गंजीपर्यंत पोचलेली असते. म्हणूनच यंत्राखालची, तुळईवरची, वायरिंगवरची, बोर्डाच्या पेटीतली रुई प्रत्येक पाळीला काढणे हे आग रोखण्याचे पहिले काम आहे. फायर एक्स्टिंग्विशरचा नंबर त्यानंतर लागतो.

याला जोडूनच दुसरी चूक होते. वरची ज्वाळा विझली की आग विझली असे धरले जाते. सुमारे 170 किलोच्या दाबलेल्या गाठीत अडकलेली ठिणगी बाहेर काही न दाखवता कित्येक दिवस धुमसू शकते. आगीच्या वेळी प्रेसमध्ये असलेली प्रत्येक गाठ वेगळी काढून, गोदामापासून लांब, उघड्यावर ठेवायची आणि तिच्यावर नजर ठेवायची. ती थेट थप्पीत लावली की सारे गोदाम धोक्यात येते.

दालमिल आणि सोयाबीनच्या गोदामांनाही हेच लागू पडते. धान्याची बारीक पूड नुसती जळत नाही. बंद जागेत ती हवेत उधळली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. 7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या इम्पिरियल शुगर कारखान्यात साखरेच्या धुळीचा असाच स्फोट झाला आणि 14 कामगार गेले. पहिल्या धक्क्याने तुळया आणि यंत्रांवर साचलेली पूड उडाली आणि तिने पुढचे स्फोट घडवले. ती वेळच्या वेळी काढली असती तर एवढा विध्वंस झाला नसता. अशा धुळीचा सुमारे पाऊण मिलिमीटरचा थर मोठ्या जागेवर पसरलेला असेल तर तो धोक्याचाच, असे तिथले अग्निसुरक्षेचे मानक सांगते.

‘कॉम्प्रेसरची हवा मारली की झाली साफसफाई.’

याला सफाई म्हणता येत नाही. हवेने धूळ फक्त जागा बदलते. फरशीवरची तुळईवर जाते, यंत्रावरची छातीत जाते. पाळी संपल्यावर अंगावर हवा मारून कपडे झटकण्याची सवय त्याहून वाईट आहे. त्या दाबाने कण डोळ्यांत घुसतात आणि जखमेतून हवा शरीरात शिरली तर जिवावर बेतू शकते. झाडू, खराटा आणि परवडत असेल तिथे औद्योगिक व्हॅक्यूम, हाच सरळ मार्ग आहे. कुठे हवा मारावीच लागली तर यंत्र बंद, ठिणगीचे काही जवळ नाही आणि आसपास माणूस नाही हे आधी बघायचे.

‘तोंडाला रुमाल बांधला, वर गुळाचा खडा खाल्ला, की धूळ बाधत नाही.’

ही समजूत मला सर्वांत जास्त टोचते, कारण ती मायेपोटी टिकली आहे. रुमाल मोठे तंतू अडवतो. फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ त्यातून सहज पार होते. आणि गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात, धूळ जाते श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. गूळ खुशाल खावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो नोंदवलेला होता. त्याची खूण ओळखीची आहे. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. सुरुवातीला धुळीपासून लांब गेले की बरे वाटते, म्हणून माणूस ते मनावर घेत नाही. वर्षानुवर्षे तसेच चालले तर मात्र फुप्फुसाचे नुकसान भरून येत नाही. अनेक जिनांत क्रोम लावून कमावलेल्या चामड्याचे रोलर असतात. त्यांची झीज होऊन पडणारी पूडही त्याच हवेत मिसळते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोममुक्त रोलरवर काम केले आहे ते यासाठीच. धूळ निघते तिथेच ती ओढून घेणारी व्यवस्था हा खरा उपाय आहे. चांगला मास्क तिच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे.

‘चालू यंत्रातली रुई पटकन काढली तर काय बिघडते?’

बोटे जातात, हात जातो. जिनांवर काम करणाऱ्या बायांच्या साडीवर बरेचदा जुना सदरा असतो, त्याच्या मोकळ्या बाह्या आणि पदराचे टोक फिरत्या शाफ्टला पुरेसे असते. पदर आत खोचून वर बटणे लावलेला सदरा आणि घट्ट बांधलेले केस एवढ्याने बराच धोका टळतो. पण मुख्य काम मालकाचे आहे. पट्ट्यांवर, शाफ्टवर जाळी हवी, आणि यंत्र साफ करताना स्विच बंद करून त्याला कुलूप लावलेले हवे, म्हणजे पलीकडचा माणूस चुकून ते चालू करणार नाही. 1948 च्या त्या जुन्या कारखाना कायद्याने स्त्रियांना मुख्य यंत्र आणि शाफ्ट-पट्टे चालू असताना साफ करायला लावण्यास बंदी घातली होती. कापसाच्या ओपनरजवळ स्त्रिया व मुलांना कामाला ठेवू नये, असे त्यात खास प्रेसिंगसाठी वेगळे कलमच होते. कायदा करणाऱ्यांना हा धोका कागदावर दिसला नव्हता, तो कारखान्यात घडताना दिसला होता.

‘हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी. आणि अपघात झाला तर मजुराचाच निष्काळजीपणा.’

नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याची जबाबदारी तिने मालकावरच टाकली आहे. जाळी नसलेल्या पट्ट्यापाशी माणूस उभा करायचा आणि नंतर त्याला निष्काळजी म्हणायचे, हा न्याय नव्हे.

जिन मालकांना विनंती एवढीच की हंगाम संपल्यावर मशीनला जसे तेल-पाणी करता तशी जाळ्यांची, वायरिंगची आणि धूळ ओढणाऱ्या पंख्यांची दुरुस्तीही त्याच यादीत घाला. आणि मजूर भावा-बहिणींनो, चालू यंत्रात हात घालायला कोणी सांगितले तर ‘आधी बंद करा’ असे ठामपणे म्हणा.