आवळा आणि लोह : एकत्र द्यावेत काय?

शासकीय केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या घेऊन गर्भिणी चिकित्सालयात येते आणि विचारते, "डॉक्टर, या गोळ्या चालू असताना आवळ्याचा रस घेतला तर चालेल ना?" या प्रश्नाला आम्ही अनेक वर्षे "अवश्य घ्या" असे एका शब्दात उत्तर देत आलो. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते.

शास्त्रदृष्ट्या या संयोगात विरोध नाही. चरकांनी पांडुचिकित्सेत सांगितलेल्या नवायसात त्रिफळेच्या रूपाने आवळा लोहासोबत आहेच, आणि धात्री लोहाचे तर नावच आवळ्यावरून पडले आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही याला दुजोरा देते. धान्य, कडधान्ये व पालेभाज्यांतील लोह बहुतांशी फेरिक रूपात असते व ते सहज शोषले जात नाही. आवळ्यातील क जीवनसत्त्व त्याचे फेरस रूपात परिवर्तन करते आणि लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात ते विद्राव्य ठेवते. म्हणून भाजी-भाकरीसोबत ताजा आवळा किंवा लिंबाची फोड असावी, हा आग्रह योग्यच आहे.

गोळीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्यातील लोह बहुधा आधीच फेरस असते. शांघाय येथे लोहाच्या कमतरतेमुळे पांडुता असलेल्या ४४० प्रौढांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लोहाच्या गोळीसोबत क जीवनसत्त्व दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांच्या हिमोग्लोबिनवाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा आवळा गोळीसोबत सुरक्षित आहे, पण तो मिळाला नाही म्हणून गोळीचे काम अडते असे रुग्णास सांगू नये. अम्लपित्ताच्या रुग्णास रिकाम्या पोटी गोळी व आंबट रस दोन्ही देणे तर टाळावेच. खरा अडथळा चहाचा आणि कॅल्शियमच्या गोळीचा असतो. या दोहोंपासून लोह किमान दोन तास दूर ठेवावे. दुधाचेही तेच. शिवाय दूध आणि आवळा हा संयोग चरकांच्या विरुद्ध आहारात मोडतो, हे दुधाच्या अनुपानाची सवय असलेल्या आपल्या व्यवसायबंधूंनी ध्यानात घ्यावे.

परंतु या लेखाचे निमित्त वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी एक गर्भिणी दुसऱ्या महिन्यात आमच्याकडे आली. हिमोग्लोबिन ९.६, मुखावर पांडुता. आम्ही लोहकल्प व आवळ्याचा रस सुरू केला. तीन महिने झाले, हिमोग्लोबिन जागचे हलेना. तेव्हा जुना अहवाल पुन्हा काढला. एमसीव्ही ६३ आणि लाल पेशी ५० लक्ष, म्हणजे भागाकार १३ पेक्षा कमी. हा आकडा पहिल्या दिवसापासून कागदावर होता, आम्ही तो पाहिला नव्हता. फेरिटिन पुरेसे निघाले आणि हिमोग्लोबिन ए-२ ५.२ टक्के. रुग्णा थॅलेसेमियाची वाहक होती.

पतीची तपासणी तातडीने करविली. तो वाहक नव्हता. तो वाहक असता तर प्रत्येक गर्भास थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असती, आणि अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होणाऱ्या गर्भपरीक्षणाचा काळ आमच्या हातून निघून गेला होता.

वाहकास लोहाची खरोखर कमतरता असल्यास लोह द्यावेच. पण फेरिटिन पाहून आणि ठरावीक काळापुरते. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या मेजरच्या रुग्णाची बाब मात्र गंभीर आहे. त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. तेथे लोहकल्प वर्ज्य, आणि क जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिल्यास साठलेले लोह मोकळे होऊन हृदयास अपाय होऊ शकतो. म्हणून आवळ्याचा रस किंवा क जीवनसत्त्वाच्या गोळ्या अशा रुग्णास त्याच्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याविना देऊ नयेत.

सिंधी, लोहाणा व कच्छी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेलचा विचार मनात हवा. आता आम्ही लोहकल्प लिहिण्यापूर्वी रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिनखालच्या दोन ओळी आधी वाचतो. त्यासाठी रुग्णास वेगळा खर्च पडत नाही.