व्हिएतनामी चित्रपटांतील विरहिणी आणि एका शिक्षकाची पत्रे

व्हिएतनामी चित्रपटांविषयी लिहिताना सोळाव्या शतकातील एका कथेपासून आरंभ करणे आम्हांस सोयीचे वाटते. न्युयेन झू या लेखकाच्या कथासंग्रहात ती आहे. एका तरुणाला लग्नानंतर थोड्याच दिवसांत युद्धावर जावे लागते. मागे आई, पत्नी आणि नंतर जन्मलेला मुलगा एवढेच राहतात. रात्री मूल रडू लागले की आई भिंतीवर पडलेल्या स्वतःच्याच सावलीकडे बोट दाखवी आणि हेच तुझे वडील, असे सांगून त्याची समजूत घाली. युद्धावरून परतलेल्या बापाला मूल ओळखीना. आपले वडील तर रोज रात्री येतात, असे ते सांगू लागले. नवऱ्याच्या मनात संशयाने घर केले. निरपराध पत्नीने नदीत जीव दिला. पुढे एका रात्री दिवा लावल्यावर मुलाने भिंतीवरची सावली बापाला दाखविली, तेव्हा खरा प्रकार त्याच्या ध्यानी आला. पण तोवर वेळ निघून गेली होती.

ही कथा तेथील शालेय पाठ्यपुस्तकांत आहे. अठराव्या शतकात डांग चान कोन या कवीने सैनिकाच्या पत्नीचा विलाप या विषयावर दीर्घ काव्य रचले, आणि ते चिनी भाषेतून देशी भाषेत उतरल्यावर लोकांच्या तोंडी बसले. उत्तरेकडील साम्राज्याशी, मग फ्रेंचांशी, मग अमेरिकेशी आणि दुर्दैवाने आपापसांतही ज्या देशाला लढावे लागले, त्याच्या साहित्यात वाट पाहणारी स्त्री ही मुख्य नायिका व्हावी यात नवल नाही. चित्रपटाने तिला नव्याने निर्माण केले नाही. ती त्याला वारशानेच मिळाली.

चित्रपटाची कला तेथे परक्यांच्या हातून आली. १९२४ साली एका फ्रेंच कंपनीने ‘कियेव’ या सुप्रसिद्ध काव्यकथेवर हनोईत मूकपट काढला होता. पण उत्तर व्हिएतनामच्या स्वतःच्या चित्रपटसंस्थेचा जन्म १५ मार्च १९५३ चा. त्या दिवशी हो ची मिन्ह यांनी चित्रपट व छायाचित्रण यांसाठी सरकारी संस्था स्थापन करण्याच्या आज्ञापत्रावर सही केली. फ्रेंचांशी लढा तेव्हा अजून चालू होता. ज्या संस्थेचा जन्मच युद्धकार्यासाठी झाला, तिच्या चित्रपटांत प्रचार असणारच. तो आहेही, आणि कित्येक ठिकाणी कंटाळवाणा आहे. तरीही त्यातून जे उरते ते पाहण्याजोगे आहे, असे आमचे मत आहे.

या संस्थेचा पहिला कथापट १९५९ चा. त्याच्या नावाचा अर्थ ‘एकाच नदीच्या काठी’ असा करता येईल. १९५४ च्या जिनिव्हा करारान्वये देशाची तात्पुरती विभागणी झाली आणि सतराव्या अक्षांशाजवळची बेन हाय नदी सीमा ठरली. दोन वर्षांत निवडणुका होऊन देश एक व्हावयाचा होता. त्या निवडणुका झाल्याच नाहीत. चित्रपटातील प्रियकर-प्रेयसीची गावे या नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. लग्न व्हावयाचे आणि मध्येच नदीची सीमा होते, एवढीच कथा. त्या रेषेवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते व कॅनडा आणि पोलंड हे त्याचे सदस्य होते, हे आज आपल्यापैकी थोड्यांनाच आठवत असेल. आम्हां सीमाभागातील मंडळींस रेषेचे दुःख पडद्यावर दिसले की आपले काही आठवल्यावाचून राहत नाही. पण तुलना आवरलेली बरी. आमच्या रेषेपलीकडे लग्नाची वऱ्हाडे आजही एस.टी.ने जातात.

पुढील काळातील दोन चित्रपटांचा उल्लेख केला पाहिजे. हाय निन्ह यांचा ‘हनोईची मुलगी’ १९७४ चा. १८ ते २९ डिसेंबर १९७२ या काळात हनोईवर भयंकर बाँबवर्षाव झाला. त्या उद्ध्वस्त शहरात एक लहान मुलगी सैन्यातील आपल्या वडिलांना शोधीत हिंडते. न्युयेन होंग सेन यांच्या ‘ओसाड शेत’ (१९७९) या चित्रपटाला १९८१ साली मॉस्को महोत्सवात सुवर्ण पारितोषिक मिळाले. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील पाण्याने भरलेल्या रानात एक जोडपे तान्ह्या मुलासह राहते. हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले की ते मुलाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट धरून पाण्याखाली दडवितात. ते दृश्य पाहताना आमचाही श्वास कोंडला. शेवटी पती मारला जातो, पत्नी ते हेलिकॉप्टर पाडते, आणि मेलेल्या वैमानिकाजवळचे त्याच्या स्वतःच्या पत्नीचे व मुलाचे छायाचित्र आपल्याला दिसते. प्रचारपटाने शत्रूच्या घरात डोकावावे, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या लेखाचे खरे प्रयोजन आहे डांग न्यात मिन्ह यांचा १९८४ चा ‘दहावा महिना केव्हा येईल’ हा कृष्णधवल चित्रपट. दहावा चांद्रमास हा उत्तर व्हिएतनामात भातकापणीचा, म्हणजे पोटभर जेवणाचा. दिग्दर्शकाने या कलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. चित्रपट खात्यात रशियन दुभाष्याचे काम करता करता तो शिकला. त्याचे वडील डॉक्टर होते. हिवतापावर संशोधन करीत असता ते १९६७ साली बाँबहल्ल्यात मृत्यू पावले. मृत्यूची वार्ता घरी कशी येते, हे त्याला पुस्तकातून शिकावयाचे नव्हते.

झुयेन ही नायिका. तिचा पती कंबोडियाच्या सीमेवर मारला गेला आहे आणि ते कळून ती एकटीच गावी परतत आहे. वाटेत ती नदीत कोसळते. गावचा शाळामास्तर खांग तिला वाचवितो आणि मृत्यूचा कागद त्याच्या हाती पडतो. घरी म्हातारा सासरा आजारी, मुलगा लहान. ही वार्ता सासऱ्याला सोसणार नाही म्हणून झुयेन ती गिळते आणि मास्तरांना विनविते की, पतीच्या नावाने पत्रे लिहा. मास्तर लिहितात. घरात पत्र वाचले जाते, म्हातारा सुखावतो. पण गावात विधवेचे विधवापण ठाऊक नसल्याने, परस्त्रीशी मास्तरांचे सूत जुळले आहे अशी कुजबुज सुरू होते आणि अखेर त्यांना गाव सोडावे लागते. बदलीचे खरे कारण सांगता येत नाही, याचा अनुभव वाचकांपैकी कोणास असल्यास तो या प्रसंगी अधिकच हळहळेल.

सोळाव्या शतकातील सावली आणि ही पत्रे यांतील नाते येथे उमगते. दोन्हींत स्त्री घरातल्यांच्या सुखासाठी अनुपस्थित पुरुषाची प्रतिमा उभी करते, आणि दोन्हींत संशयाचे बोट तिच्याकडेच वळते. फरक एवढाच की जुन्या कथेत नवरा जिवंत परततो व अन्याय करतो. येथे परतणारा कोणीच नाही.

दोन प्रसंग विसरता येत नाहीत. गावच्या ‘चेव’ या लोकनाट्यात झुयेनला रणांगणावर निघालेल्या पतीला निरोप देणाऱ्या पत्नीची भूमिका करावी लागते. गाता गाता तिचा स्वर तुटतो आणि ती रंगमंच सोडून धावत सुटते. प्रेक्षकांना काहीच कळत नाही. दुसरा प्रसंग जिवंत आणि मृत यांच्या बाजाराचा. सातव्या महिन्याची पौर्णिमा तेथे मृतांच्या स्मरणाची, आपल्या पितृपक्षासारखी. त्या बाजारात झुयेनला पती भेटतो. जिवंत माणसांनी सुखी असावे, एवढेच त्याचे मागणे. भुताखेतांचे हे दृश्य अंधश्रद्धा वाढवील अशी शंका परीक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी घेतली होती. ते कापले गेले असते तर चित्रपटाचा प्राणच गेला असता.

हा चित्रपट आम्ही शाळेतील सहकाऱ्यांसह पाहिला. नंतर चहाच्या वेळी कडाक्याचा वाद झाला. खोटे अक्षर लिहिणे शिक्षकाला शोभत नाही, त्याने म्हाताऱ्याला धीर देऊन सत्य सांगावयास हवे होते, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे. मराठीच्या शिक्षिका म्हणाल्या की मास्तरांचा दोष पत्रे लिहिण्यात नाही. लिहिता लिहिता त्या पत्रांत त्यांचे स्वतःचे मन उतरू लागले, ते त्यांनी वेळीच ओळखले नाही. आमचा कल बाईंच्या बाजूने आहे. दुसऱ्याच्या वतीने लिहिणाऱ्याची हीच तर अडचण. शब्द उसने देता येतात, पण जिव्हाळा उसना दिला की तो आपलाच निघतो.

१९८६ नंतर आर्थिक धोरण पालटले आणि चित्रपटही पालटला. त्रान आन्ह हुंग यांच्या ‘कच्च्या पपईचा गंध’ (१९९३) या चित्रपटाचा जगात गौरव झाला, पण तो चित्रित झाला फ्रान्समधील स्टुडिओत. त्याचे सौंदर्य निर्विवाद, तरी त्यात आम्हांस चिखलाचा वास आला नाही. मिन्ह यांनीच २००९ साली डांग थुई त्राम या तरुण डॉक्टर स्त्रीच्या रोजनिशीवर चित्रपट काढला. ती १९७० मध्ये मारली गेली. एका अमेरिकन सैनिकाने ती रोजनिशी पस्तीस वर्षे जपली आणि २००५ साली तिची प्रत तिच्या आईच्या हाती पोहोचली.

आजच्या तरुण प्रेक्षकांना प्रिय असलेला ‘मात बिएक’ (२०१९) हा निव्वळ प्रेमपट आहे. युद्ध त्यात जवळजवळ नाही. एका लोकप्रिय कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्यातील नायकही योगायोगाने शिक्षक आहे. बालपणीच्या प्रेयसीसाठी तो गावात राहतो, शिकवितो, आणि अखेरीस आगगाडीने गाव सोडून जातो. त्या वेळी आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हळूच विचारले, यांचीही बदली झाली काय? नाही, हे मास्तर आपण होऊन गेले.