विधेयक नागपुरात, फी दौंडात

दौंडच्या मुलीला अभियांत्रिकीला जायचं असेल तर दोन वाटा जवळच्या. सोलापूरच्या अंगाला भिगवणच्या अलीकडे स्वामी चिंचोलीत दत्तकलाचं महाविद्यालय आहे. पुण्याच्या अंगाला लोणी काळभोरला एमआयटी-एडीटी विद्यापीठ. मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्गातली असेल, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप फेरीतून झाला असेल, तर 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार पहिल्या ठिकाणच्या शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा भार सरकार उचलतं. दुसऱ्या ठिकाणी ही सवलत नाही. कारण त्या निर्णयात योजना कुणाला लागू हे सांगताना कंसात ‘खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून’ अशा अर्थाचे चार शब्द आहेत. ‘मुलींना मोफत उच्च शिक्षण’ या मथळ्यात अर्थातच तो कंस मावला नाही.

हे चार शब्द विधानसभेत कुणी मांडले नाहीत, पण ‘स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ’ ही जात विधिमंडळानंच जन्माला घातली. लोणी काळभोरचं विद्यापीठ 2015 च्या स्वतंत्र अधिनियमानं झालं. कोथरूडला एमआयटीचं अभियांत्रिकी महाविद्यालय वर्षानुवर्षं पुणे विद्यापीठाशी संलग्न होतं. 2017 मध्ये त्याच आवारात एमआयटी-डब्ल्यूपीयू हे खासगी विद्यापीठ उभं राहिलं. आधी असं एकेका विद्यापीठासाठी एकेक विधेयक यायचं, 2023 मध्ये सगळ्यांसाठी समान कायदा झाला. खासगी महाविद्यालयांवरचे कायदे कुणी लक्ष ठेवून वाचत असेल, तर त्यानं सगळ्यात आधी हे पाहावं, की कोणती संस्था कोणत्या कायद्याखालून निघून कोणत्या कायद्याखाली गेली. तळेगाव ढमढेरेचं साहेबराव शंकरराव ढमढेरे महाविद्यालय किंवा शिरूरचं चां. ता. बोरा महाविद्यालय 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कक्षेत येतं. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांच्या फीवर 2015 च्या कायद्यातलं शुल्क नियामक प्राधिकरण बसलेलं आहे. खासगी विद्यापीठाचा कायदा तिसरा, आणि अभिमत विद्यापीठ तर थेट केंद्राच्या यूजीसी कायद्याच्या आधारानं उभं असतं. बाहेरून चारही ठिकाणी कमान, पार्किंग आणि प्लेसमेंटचा फलक सारखाच दिसतो.

यावर एक आक्षेप सरळ आहे: पालकांनी संस्थेचं नाव आणि नोकऱ्या बघाव्यात, अधिनियम वाचत बसू नये, महत्त्वाचं असेल ते वर्तमानपत्रात येतंच. येतं, पण बहुधा विधेयक मंजूर झाल्याच्या दिवशी. डिसेंबर 2021 मध्ये सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातली दुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. प्रकुलपती म्हणून मंत्र्याला बसवणारी आणि कुलगुरू निवडीत राज्यपालांचे हात बांधणारी ही दुरुस्ती चांगलीच गाजली. तिला राज्यपालांची संमती मिळाली नाही, सत्तांतर झालं आणि ते विधेयक मागे घेण्यात आलं. तिचा कायदा झालाच नाही, पण त्या दिवसाची बातमी वाचून थांबलेल्याला तो झाला असंच वाटणार. उलट ज्या ओळीनं दौंडच्या घरातले लाखभर रुपये इकडचे तिकडे होतात, ती शासन निर्णयातून येते आणि तिच्यावर सभागृहात चर्चा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खासगी विद्यापीठाला अभ्यासक्रम झटपट बदलता येतो, एका सार्वजनिक विद्यापीठावर शेकडो महाविद्यालयांचं ओझं असण्यापेक्षा हे बरं. आणि जे आपली फी वेगळ्या वाटेनं ठरवतात त्यांची फी सरकारनं तिजोरीतून का भरावी? हे मला पटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालातही, तो खटला पुण्याच्याच पी. ए. इनामदारांच्या नावानं ओळखला जातो, विनाअनुदानित संस्थांना प्रवेशाचं स्वातंत्र्य देताना नफेखोरी आणि कॅपिटेशन रोखायचा अधिकार राज्याकडे ठेवला गेला. महाराष्ट्रात त्याचा पक्का कायदा व्हायला 2015 उजाडलं. मधली दहा वर्षं समित्यांवर निघाली. तेव्हा वगळण्याचं धोरण चूक नसेलही. चूक अशी, की ते कळण्याची वेळ पालकावर फीची पावती हातात पडल्यावर येते.

हे सांगायला वकील लागत नाही. अधिवेशनं वर्षातून तीन, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. विधेयकं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात, संमतीनंतरचा अधिनियम राजपत्रात येतो, शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतो, विनाअनुदानित महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडे पाहता येते. शिरूर-दौंडमधल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी बारावीच्या निकालाआधी एक कागद काचफलकात लावावा. त्यावर पुणे, नगर आणि सोलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक संस्थेपुढे ती संलग्न, खासगी की अभिमत, एवढं लिहावं आणि मुलींची शुल्कमाफी तिथे लागते की नाही तेही लिहावं. वाघोलीच्या जेएसपीएमसारख्या नावापुढे तर हे दोनदा तपासून लिहावं लागेल, कारण एकाच नावाखाली संलग्न महाविद्यालयंही आहेत आणि खासगी विद्यापीठही.