शस्त्राविना त्वचादर्शन

त्वचेच्या अंतर्भागात काय बिघडले आहे हे निश्चित करावयाचे, तर तिचा तुकडा कापून घ्यावा, मेणात बसवून त्याचे पातळ काप काढावेत, ते रंगवावेत आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावेत, ही रीत वैद्यकाने शंभरांहून अधिक वर्षे निष्ठेने पाळली. आणि जिच्यामुळे या रीतीला प्रथमच पर्याय मिळाला, ती युक्ती मुळात त्वचेसाठी योजिलेलीच नव्हती.

मेंदूतील मज्जापेशींचे जाळे न्याहाळू इच्छिणाऱ्या हार्वर्डच्या मार्विन मिन्स्की यांना 1955 साली सुचले की, एकाच बिंदूवर प्रकाश एकवटून परतणारा किरण बारीक छिद्रातून घेतला, तर वरखालच्या थरांचा गढूळ प्रकाश बाहेरच अडेल. या कल्पनेचे पेटंट 1961 मध्ये मंजूर झाले. परंतु लेसर आणि संगणक यांची पुरेशी जोड मिळेपर्यंत ती बहुतांशी दप्तरीच राहिली.

पुढे 1995 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील वेलमन प्रयोगशाळेत मिलिंद राजाध्यक्ष, रॉक्स अँडरसन आणि त्यांचे सहकारी यांनी याच युक्तीने घेतलेली जिवंत मानवी त्वचेची लेसरचित्रे प्रसिद्ध केली, आणि त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिनच, सुमारे 1.7 एवढ्या अपवर्तनांकामुळे प्रकाश जोराने परतवून, पेशींना उजळ करते हे सिद्ध केले. बाहेरून रंग घालण्याची गरजच उरली नाही.

त्यानंतरचा प्रवास मुख्यत्वे आटोपशीरपणाचा आहे. प्रयोगशाळेतील टेबल व्यापणारी यंत्रणा, 830 नॅनोमीटर तरंगलांबीचे छोटे लेसर आणि चिमुकले हलते आरसे यांच्या साह्याने हातात धरण्याजोगी झाली, नाक व पापणी यांसारख्या अडचणीच्या जागी टेकू लागली. 2016 पासून अमेरिकेत वैद्यकीय देयकांच्या दप्तरी या तपासणीस स्वतंत्र क्रमांक मिळाले. आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी स्मार्टफोनला जोडलेले अल्पखर्ची उपकरण युगांडातील कापोसी सार्कोमा या कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत नेले.

या लेसरकिरणाची मर्यादाही स्पष्ट नोंदविली पाहिजे. तो एक मिलीमीटरच्या पाव भागापलीकडे नीटसे पाहू शकत नाही, म्हणून खोल गेलेल्या कर्करोगाचा अखेरचा निवाडा आजही तुकडा कापून केलेली तपासणी, म्हणजे बायोप्सीच करते. तथापि निरुपद्रवी तिळासाठी होणारी कापाकापी टाळणे आणि घ्यावयाचाच असेल तो तुकडा योग्य जागेचा घेणे, एवढे कार्यही थोर आहे. ज्या देशात मेलॅनिन ही बहुसंख्यांची सहजसंपत्ती आहे, तेथील शासनाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या लोकांच्या त्वचेवर या तंत्राचा पद्धतशीर अभ्यास करावा आणि स्वस्त उपकरणे जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचविण्याची तजवीज करावी.